अपडेट मारला आणि मिक्सिंगचं मशीन रांगायला लागलं: काय तपासायचं, कुठे हात आवरायचा

लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग, म्हणजे शूटिंग कापून-जोडून तयार करणं, ज्या कॉम्प्युटरवर चालतं ते मी दुरुस्त करतो. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि माझा फोन वाजायला लागतो. "अण्णा, काल रात्री अपडेट मारला, सकाळपासून मशीन रांगतंय बघा. हळदीचं एक गाणं सलग वाजंना." आमच्या सोलापुरात साखर पेठ असो, जुळे सोलापूर असो नाहीतर होटगी रोड, वाक्य हेच. मशीनही साधारण एकाच घराण्यातलं: पुण्या-मुंबईच्या ऑफिसातून निघालेला सेकंड हँड डबा, इंटेलचा चौथ्या ते सातव्या पिढीचा आय-५ किंवा आय-७, ८ नाहीतर १६ जीबी रॅम आणि नंतर कधीतरी बसवलेलं ग्राफिक कार्ड. गेली दहा-बारा वर्षं मी ही मशीनं उघडतोय. त्याआधी स्वतः मिक्सिंगला बसायचो, त्यामुळे उद्या गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्ह द्यायचा असताना टाइमलाइन (क्लिपा ओळीने मांडलेली पट्टी) अडकली की पोटात काय होतं ते मला माहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचा क्रम असा का लावलाय ते कळेल. अपडेटमुळे मशीनची ताकद कमी होत नाही. जे काम ग्राफिक कार्ड किंवा प्रोसेसरमधला खास व्हिडिओचा भाग करत होता, ते अपडेटनंतर काही कारणाने प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. नाहीतर मशीनचं एखादं दुखणं आधीपासून असतं. जुनी आवृत्ती ते सोसत होती, नवी सोसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी रॅम आणायला पळू नका.

लक्षणं

"मंद झालं" हे लक्षण नव्हे. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढंच म्हटल्यासारखं झालं ते. कसं मंद झालंय ते जरा बसून बघा.

सॉफ्टवेअर उघडायलाच पाच-सात मिनिटं लागतात, पण एकदा उघडलं की काम ठीक चालतं? मग प्लगिन (वरून जोडलेले सुटे इफेक्ट), फॉन्ट किंवा कॅशकडे (सॉफ्टवेअरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइलींकडे) संशय जातो. टाइमलाइन वाजवली की आवाज पुढे आणि चित्र मागे, टाइमलाइनवर पूर्वी पिवळी दिसणारी पट्टी आता लाल, आणि अर्ध्या तासात होणारा एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल बाहेर काढणं) दोन-तीन तासांवर गेला? तिथे ग्राफिक कार्डाने काम सोडलेलं असतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं सुरळीत, मग पंखा घोंघावायला लागतो आणि मशीन बसतं? ती उष्णता. माऊसचा बाणसुद्धा क्षणभर गोठतो, मग एकदम दहा क्लिक एकत्र लागू होतात? डिस्क बघा. आणि ब्राउझर, फोल्डर, सगळंच मंद असेल तर मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका, दोष विंडोजमध्ये किंवा खाली लोखंडात आहे.

सातव्या-आठव्या मिनिटालाच मशीन आपोआप बंद पडत असेल, निळा पडदा येत असेल किंवा जळका वास येत असेल, तर ते या लेखातलं दुखणं नाही. तसं असेल तर खाली "हात आवरा" असं लिहिलंय तिथे थेट जा.

हात लावण्याआधी

प्रोजेक्टची फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. फुटेज नव्हे, नुसती प्रोजेक्टची फाइल. ती काही एमबीचीच असते. प्रीमियर प्रो या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडलं की त्याचं रूपांतर होतं आणि ती रूपांतर झालेली फाइल जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तेच, तिथे तर डेटाबेसच वर चढवायला विचारतं. आधी बॅकअप, मग होकार.

दुसरं, एक ठरलेली क्लिप हाताशी ठेवा. माझ्याकडे एका लग्नातल्या मंगलाष्टकांची एक मिनिटाची जुनी फुल एचडी क्लिप आहे. ती त्या मशीनवर पूर्वी सलग वाजायची हे मालकाला आणि मला दोघांना ठाऊक असावं, एवढीच अट. प्रत्येक तपासणीनंतर हीच क्लिप वाजवायची, हीच एक्स्पोर्ट करायची आणि किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं. एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुटलं, तर कशाने सुटलं ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

याच क्लिपने पहिला निकाल लागतो. नवं कोरं प्रोजेक्ट उघडा, त्यात फक्त ही क्लिप टाका. ती छान वाजली आणि परवाच्या लग्नाचं फुटेज मात्र अडकलं, तर अपडेट निर्दोष आहे, कॅमेरा बदललाय. असं फार वेळा होतं. हंगामाच्या तोंडावर माणूस नवा कॅमेरा घेतो, त्याच आठवड्यात अपडेट येतो आणि खापर अपडेटवर फुटतं. नवे कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये (रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या प्रकारात) शूट करतात, फोन एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ जास्त दाबून साठवायच्या नव्या पद्धतीत). इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ८ बिट एचईव्हीसी उलगडायची पूर्ण सोय सहाव्या पिढीपासून आली, १० बिटची सातव्या पिढीपासून. चौथ्या पिढीचा आय-७ कितीही तगडा असला तरी हे फुटेज त्याला घाम गाळूनच उलगडावं लागतं. एच.२६४ या त्याआधीच्या पद्धतीतलं १० बिट ४:२:२ तर जुन्या कार्डांनाही झेपत नाही. यावर उपाय प्रॉक्सी, तो पुढे सांगतो.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी ऐकून लोक हसतात: रीस्टार्ट करा. "अहो, रोज रात्री बंद करतो की मशीन!" हो, पण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने उभं राहतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर (म्हणजे प्रोसेसरवर) जा, खाली अप टाइम लिहिलेला असतो. रोज रात्री बंद होणाऱ्या मशीनवर मी तिथे १९ दिवस पाहिलेत. अपडेटने आणलेला नवा ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांची गाठ घालून देणारं छोटं सॉफ्टवेअर) अर्धवट बसून राहिलेला असतो तो अशाच मशीनवर.

विंडोजचाही मोठा अपडेट त्याच रात्री झाला असेल तर एक दिवस थांबायची तयारी ठेवा. मागे इंडेक्सिंग चालतं, अँटिव्हायरस सगळं नव्याने चाळतो. मशीन चालू ठेवून जेवून या, एक झोप काढा. निम्मी तक्रार तेवढ्यात मिटलेली मी पाहिली आहे, आणि त्याचे पैसे मागायला मलाच लाज वाटते.

मग टास्क मॅनेजर चालू ठेवून मंगलाष्टकांची क्लिप वाजवा. सीपीयू १०० टक्के आणि जीपीयू (ग्राफिक कार्ड) शून्याजवळ? कार्ड झोपलंय. डिस्क १०० टक्के? डिस्ककडे चला. मेमरी ९० च्या वर? ब्राउझर बंद करा, मग पुन्हा बघा. आणि काहीच वर जात नसताना क्लिप अडकत असेल तर सीपीयूचा वेग बघा. प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झच्या वरचा आणि दिसतोय ०.८, असं असेल तर तो कुणीतरी दाबून धरलाय: एकतर उष्णतेने, नाहीतर पॉवर प्लॅनने, आणि लॅपटॉप असेल तर पुष्कळदा चार्जरने. भलत्या वॉटचा किंवा नकली चार्जर लावला की काही लॅपटॉप स्वतःहून वेग उतरवतात.

इथेच एक कडू गोष्ट. "नवी आवृत्ती" म्हणून कुणा मित्राने दिलेली क्रॅक फाइल टाकली असेल, तर तिच्याबरोबर दुसऱ्याच्या कमाईसाठी तुमचं कार्ड राबवणारं काहीतरी आत शिरलेलं असू शकतं. याची खूण मजेदार आहे: काहीही न करता पंखा जोरात, आणि टास्क मॅनेजर उघडला की एकदम शांत. ते चोर टास्क मॅनेजर बघून लपतात. असं दिसलं तर साफसफाईच्या नादी लागू नका, डेटा बाहेर काढून विंडोज नव्याने टाका आणि पासवर्ड बदला.

कॅश. प्रीमियर प्रो प्रत्येक क्लिपच्या आवाजाची आणि अनुक्रमाची आपली टिपणं बनवून ठेवतं; आपण न सांगता ती सी ड्राइव्हवर जातात. आवृत्ती बदलली की पुष्कळदा जुन्या टिपणांचा उपयोग राहत नाही, नवी बनायला लागतात, आणि जुनी आहेत तिथेच पडून राहतात. २४० जीबीच्या एसएसडीवर ८०-९० जीबी नुसती कॅश, हे दृश्य मला नवीन नाही. प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅश आहे, तिथून डिलीट करा. सगळी पुसायचा पर्याय कुठलंही प्रोजेक्ट उघडलेलं नसतानाच मिळतो, म्हणून लोकांना तो सापडत नाही. तिथेच कॅशची जागा दुसऱ्या एसएसडीवर हलवता येते, आणि ९० दिवसांहून जुनी कॅश आपोआप पुसायची सोयही आहे. पुसल्यावर पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडताना वेळ लागेल, घाबरू नका. सी ड्राइव्हची निदान १५-२० टक्के जागा मोकळी राहिली पाहिजे. काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना धापा टाकते.

सॉफ्टवेअरची सेटिंग बिघडली असेल तर प्रीमियर प्रो उघडताना ऑल्ट दाबून धरा, प्रेफरन्सेस मूळपदावर आणायचं विचारेल. तुमचे शॉर्टकट आधी जपून ठेवा. प्लगिनचं म्हणाल तर हायलाइटसाठी कुणी दिलेली ट्रान्झिशनची पोतीच्या पोती लोकांनी भरलेली असतात, त्यातली निम्मी नव्या आवृत्तीशी जुळत नाहीत. प्लगिनचं फोल्डर बाजूला हलवून एकदा सॉफ्टवेअर उघडून बघा. फॉन्टचंही तसंच. आपल्याकडे मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही भाषांच्या पत्रिका आणि टायटल असतात, त्यामुळे मशीनवर फॉन्ट हजारांत. उघडायला वेळ लागण्याचं ते मोठं कारण आहे. वापरातले ठेवा, बाकीचे एका फोल्डरमध्ये बाजूला.

कार्ड झोपलंय का?

अपडेटनंतरचा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा इथे सापडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

प्रीमियर प्रोमध्ये फाइल, मग प्रोजेक्ट सेटिंग्ज, मग जनरल. तिथे रेंडरर, म्हणजे चित्र तयार करायचं काम कोण करतो ते, लिहिलेलं असतं. त्यात मर्क्युरी प्लेबॅक इंजिनच्या पुढे जीपीयू असेल तर कार्ड कामावर आहे. सॉफ्टवेअर ओन्ली असेल तर सगळं ओझं प्रोसेसरवर आहे, आणि टाइमलाइनवरच्या लाल पट्टीचं रहस्य तेच. बदलून बघा. बदलता येत नसेल, दुसरा पर्यायच दिसत नसेल, तर ड्रायव्हर जुना आहे. हेल्पच्या यादीत सिस्टिम कॉम्पॅटिबिलिटी रिपोर्ट म्हणून आहे, तो काढला की ड्रायव्हरची तक्रार तिथे स्पष्ट लिहून येते.

ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. विंडोज अपडेट आपल्या मनाने ड्रायव्हर बसवतं, तो चालतो, पण आपल्या कामाचा असेलच असं नाही. एनव्हिडियाचे दोन प्रकार मिळतात, गेम रेडी आणि स्टुडिओ, आपल्याला स्टुडिओ. बसवताना कस्टम निवडून क्लीन इन्स्टॉलवर खूण करा, म्हणजे जुन्याची अडगळ निघते.

आता वाईट बातमी. जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतली केप्लर घराण्याची कार्डं ४७० क्रमांकाच्या ड्रायव्हरवर थांबली आहेत. २०२१ नंतर त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्यांपलीकडे नवं काही मिळालं नाही, आणि त्याही २०२४ ला संपल्या. ७५० आणि ७५० टीआय तेवढी नावाने ७०० मधली, पण पुढच्या मॅक्सवेल घराण्यातली. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेलं जीटीएक्स १०५० टीआय धरून, यांचीही नियमित ड्रायव्हरची वाट ५८० मालिकेत ऑक्टोबर २०२५ ला संपली. पुढे काही काळ फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. म्हणजे केप्लरचं कार्ड असेल आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्याहून नवा ड्रायव्हर मागत असेल, तर कुठल्याही सेटिंगने ते कार्ड कामाला लागणार नाही. तिथे डोकं फोडून घेऊ नका, जुन्या आवृत्तीवर परत जा.

इडियसवाल्यांची गोष्ट वेगळी. लग्नाच्या मिक्सिंगमध्ये आपल्याकडे इडियस हे तिसरं सॉफ्टवेअर अजून घट्ट पाय रोवून आहे, आणि ते एच.२६४ उलगडायला पूर्वापार इंटेलच्या क्विक सिंकवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या त्या खास व्हिडिओच्या भागावर, विसंबून आहे. क्विक सिंक प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्समध्ये असतं, बाहेरून बसवलेल्या कार्डात नाही. बाहेरचं कार्ड बसवलं की पुष्कळ मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करून टाकतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर उघडा. तिथे इंटेलचं नाव नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन आतलं ग्राफिक्स चालू करावं लागतं. मल्टी मॉनिटर किंवा इंटर्नल ग्राफिक्स अशा नावाने ते सापडतं. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर शोधू नका, त्याला आतलं ग्राफिक्स नसतंच. प्रीमियर प्रोलाही हेच क्विक सिंक उपयोगी पडतं, त्याची खूण प्रेफरन्सेसच्या मीडियामध्ये हार्डवेअर डिकोडिंगच्या पुढे.

या आतल्या ग्राफिक्सचा एक किस्सा आहे. सात रस्त्याजवळचा एक मुलगा दोनदा आला. दर वेळी मी बायोसमध्ये ग्राफिक्स चालू करून द्यायचो, चार-आठ दिवस चालायचं, मग परत रांगायचं. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझं लक्ष कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. तारीख काही वर्षं मागची! मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा सेल मेला होता. वीज गेली किंवा रात्री विजेच्या बोर्डाचा मेन स्विच बंद केला की बायोस सगळं विसरायचं आणि कारखान्यातून आलं तसं होऊन बसायचं. आतलं ग्राफिक्स बंद, रॅमचा वेगही खाली. मनगटी घड्याळवाल्याकडे मिळणाऱ्या त्या चपट्या सेलने काम झालं. आता कुठलंही मशीन समोर आलं की मी आधी तारीख बघतो.

वायर, पोर्ट, डिस्क

हा हिशेब सगळ्यांनी एकदा करून ठेवावा. एका कॅमेऱ्याचं ४के फुटेज १०० मेगाबिटचं असेल तर ८ ने भागून सेकंदाला १२.५ मेगाबाइट झाले. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम म्हणजे साडेसदतीस. यूएसबी २.० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट निघतात. म्हणजे डब्याच्या पुढच्या काळ्या पोर्टला एक्स्टर्नल डिस्क लावली की तिसऱ्या कॅमेऱ्याला जागाच उरत नाही. तीच डिस्क मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टला लावली की सुटते. नवी पेठेतल्या एका फोटोवाल्याने अपडेटच्या रागात रॅम दुप्पट केली, कार्ड बदललं, हजारो रुपये घातले. अपडेटच्या दिवशी टेबल आवरताना डिस्कची वायर मागून पुढे आली होती, एवढंच झालं होतं. वायरही खराब होते, बदलून बघा.

डिस्कची तब्येत क्रिस्टल डिस्क इन्फो या फुकट प्रोग्रामने कळते. गुड असेल तर पुढे जा. कॉशन असेल आणि ०५ किंवा सी५ या ओळींत शून्याहून मोठा आकडा दिसत असेल, तर डिस्कवरचे काही भाग मेलेत किंवा मरायला टेकलेत. प्रत्येक वाचनाला ती पुन्हापुन्हा प्रयत्न करते, म्हणून मशीन गोठतं. अपडेटशी याचा संबंध इतकाच की नवी कॅश बनवताना सगळं फुटेज एकदा वाचलं गेलं आणि दुखणं वर आलं. अशा वेळी पहिलं काम दुरुस्ती नव्हे, कॉपी.

विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर या यादीतला पहिला खर्च तिथे करा. रॅमच्या आधी, कार्डाच्या आधी. साटा एसएसडी सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या पुढे वाचते, फिरती डिस्क १०० ते २०० च्या दरम्यान, तेही एका जागी सलग फाइल असली तर.

डबा उघडायचा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर. पत्र्याखालचं दुकान असेल तर आतलं विचारूच नका. त्यात मागांचं गाव. यंत्रमागाच्या शेजारी ज्याचं दुकान आहे, त्याच्या डब्यात नुसती धूळ नसते, सुताची बारीक रुई असते, आणि ती हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता काढणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांवर अशी बसते की काढताना अखंड वडीच्या वडी निघते. चादरीचं गाव, डब्यातही चादर! खालून हवा जायला वाटच राहत नाही. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की जीव वाचवायला वेग उतरवतात. नव्या आवृत्तीने प्रोसेसरवर काम टाकलं की हा आकडा चटकन गाठला जातो. म्हणून "पहिली पंधरा मिनिटं ठीक" हे लक्षण.

एचडब्ल्यू मॉनिटर हा तापमान दाखवणारा प्रोग्राम चालू करून क्लिप एक्स्पोर्ट करा. तापमान ९० च्या वर जात असेल तर डबा उघडा. वायर काढा, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, लोखंडी डब्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर ब्लोअरच्या हवेने ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. ओला कपडा नको. पाच-सहा वर्षं बदलली नसेल तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट बदला. वाटाण्याएवढा थेंब पुरे, श्रीखंडासारखी थापू नका. रॅमच्या पट्ट्या काढून, खोडरबराने सोनेरी टोकं पुसून परत बसवा. दोनपैकी एक पट्टी सैल झाल्याने १६ ची ८ जीबी झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो.

ऑर्डर डोक्यावर असेल तर

मशीन दुरुस्त व्हायला वेळ आहे आणि मुलीचे वडील दारात बसलेत, तर प्रॉक्सी करा. रात्री झोपताना सगळ्या फुटेजच्या छोट्या नकला बनवायला लावा, सकाळी त्यांवर कापाकापी करा. एक्स्पोर्टला मूळ फुटेज आपोआप घेतलं जातं. प्रीमियर प्रो, रिझॉल्व्ह आणि इडियस तिन्हींत ही सोय आहे. प्लेबॅकचं रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव करा, त्याने एक्स्पोर्टच्या दर्जाला धक्का लागत नाही. कमीपणा वाटायचं कारण नाही, नवीन मशीनवालेही हेच करतात.

आणि जुनी आवृत्ती. प्रीमियर प्रो जिथून टाकतो त्या अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउडमधून आधीची आवृत्ती परत टाकता येते, तिथे अदर व्हर्जन्स बघा. नवी टाकताना जुनी काढून टाकायच्या पर्यायावरची खूण उडवा, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. ऑटो अपडेट बंद. नव्या आवृत्तीत अडकलेलं प्रोजेक्ट एक्सएमएल फाइल म्हणून बाहेर काढून जुन्यात नेता येतं, पण साधी कापाकापीच नीट जाते. इफेक्ट आणि टायटल पुष्कळदा परत करावे लागतात. माझा स्वतःचा नियम सोपा आहे: तुळशीच्या लग्नापासून आषाढ लागेपर्यंत कुठलाही मोठा अपडेट नाही. सगळी डिलिव्हरी झाली की पावसाळ्यात निवांत.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनचाच इंटेल प्रोसेसर घेतं. आपली चौथ्या-सातव्या पिढीची मशीनं दोन्हींच्या मध्ये लटकली आहेत. अशा मशीनवर मिक्सिंग करायला हरकत नाही, पण बँकेचं काम त्यावर करू नका आणि जमेल तितकं इंटरनेटपासून तोडून ठेवा.

इथे हात आवरा

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल आणि लग्नाचं फुटेज दुसरीकडे कुठेच नसेल, तर त्याच क्षणी वायर काढा. पुन्हा लावून बघायची नाही, चेक डिस्क चालवायची नाही, फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर तर मुळीच नाही. प्रत्येक फेरीला उरलेलंही घासलं जातं. ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं. माझंही नाही, मी अशी डिस्क हातात घेत नाही.

एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा उघडू नका, वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीव असतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले, जळका वास आला, निळा पडदा आला, मशीन मध्येच बंद पडलं, तर पुढचं कुणालातरी दाखवून. लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, खालचं झाकण उचललंय, म्हणजे बॅटरी फुगली. चार्ज करू नका, टोचू नका, दाबून बसवू नका. बायोस अपडेटची कुणी शिफारस केली तर यूपीएस नसताना हात लावू नका. आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि बायोस अर्ध्यात राहिलं की बोर्ड मुका.

आणि वरचं सगळं फुकटातलं करूनही मंगलाष्टकांची क्लिप अडकत असेल, तर सुटे भाग विकत घेऊन प्रयोग करायचे नाहीत. मशीन जाणकाराकडे न्या. दुकानात सुटा भाग लावून बघता येतो, तुम्हाला तो विकत घेऊन बघावा लागतो. नेताना फुटेजच्या डिस्क घरीच ठेवा, चार्जर किंवा पॉवर केबल आणि वही बरोबर घ्या. कुठला अपडेट कोणत्या तारखेला झाला, क्लिपला आधी किती मिनिटं लागत होती आणि आता किती लागतात, एवढं लिहिलेलं असलं तर माझा निम्मा दिवस वाचतो आणि तुमचे तेवढे पैसे.